पडद्यावरची वाळू, हातातली वाळू: एका फाउंड्रीतील मिश्र प्रशिक्षणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच्या औद्योगिक पट्ट्यातील एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, हे प्रकरण घडले. कारखान्याची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. या मिश्र प्रशिक्षणाच्या, म्हणजे ऑनलाइन धडे आणि प्रत्यक्ष वर्ग यांची सांगड घालणाऱ्या शिक्षणाच्या, आखणीत मी पहिल्या बैठकीपासून होतो, त्यामुळे खाली ज्या चुकांची नोंद आहे त्यांतल्या काही माझ्या आहेत आणि त्या तशाच लिहिल्या आहेत.

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या भागांतल्या फाउंड्र्यांमध्ये वाहने, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांसाठी लोखंडाची कास्टिंग (ओतीव भाग) तयार होतात. या उद्योगातली कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या मेस्त्रीच्या हाताखाली शिकली गेली. पोरगा आधी झाडू मारायचा, मग वाळू चाळायचा, मग बॉक्स ओढायचा आणि काही वर्षांनी मेस्त्री त्याच्या हातात साच्याचे काम द्यायचा. या पद्धतीने उत्तम कारागीर घडले, हे मान्य करूनच पुढचे वाचावे.

या कारखान्यात दीर्घकाळ मोल्डर (साचा बांधणारा कामगार) स्वतः चालवतो त्या आर्पा मशीनवर साचेकाम चालत असे. त्यानंतर मालकांनी जास्त दाबाने साचा बांधणारी स्वयंचलित लाइन बसवली. आर्पावर वाळू थोडी कमी-जास्त ओली असली तरी अनुभवी मोल्डर हाताने सांभाळून घेत असे. नव्या लाइनवर साचा मशीनच बांधते आणि माणसाचा हात मध्ये येतच नाही. त्यामुळे सांभाळून घेण्याची जागा मागे सरकून वाळूच्या मिक्सरपाशी गेली. माणसे मात्र जुन्याच सवयीने काम करत राहिली.

अडचण

साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट (चिकटमाती), कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण. ती पुन्हा पुन्हा फिरवून वापरली जाते. पाणी जास्त झाले तर ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही तर कास्टिंगमध्ये ब्लो होल (वायूची पोकळी) राहतो. पाणी कमी झाले तर साच्याच्या कडा भुसभुशीत होतात, वाळूचे कण सुटून धातूत मिसळतात आणि मशीनिंगच्या वेळी ग्राहकाच्या कारखान्यात टूल तुटते. या फाउंड्रीत दोन्ही प्रकारचे दोष येत होते, आणि कधीकधी एकाच पाळीत.

याचे एक कारण वाळूचे तापमान होते. परत येणारी वाळू सुमारे ५० अंश सेल्सियसच्या वर असली की मिक्सरपाशी बरोबर असलेली वाळू पट्ट्यावरून लाइनपर्यंत पोचेपर्यंत कोरडी पडते. दुसरे कारण माणसांच्या कामाच्या रीतीत होते. प्रयोगशाळेतली मुलगी दर तासाला वाळूची चाचणी घेऊन आकडा रजिस्टरमध्ये लिहीत असे, आणि मिक्सरवरचा माणूस मुठीत वाळू दाबून पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवत असे. रजिस्टरमध्ये ‘केलेली कृती’ असा एक रकाना होता. मी पहिल्या दिवशी पाहिलेली त्याची पाने जवळजवळ कोरी होती. आकडा आणि हात एकमेकांपासून वीस पावलांवर होते, पण त्यांची ओळख झालेली नव्हती.

प्रशिक्षण होत नव्हते असे नाही. वर्षातून दोन दिवस कॅन्टीनच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून बाहेरचे व्याख्याते येत, सत्तरएक माणसे बसत आणि शेवटी हजेरीपत्रकावर सह्या होत. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्यांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ या मानकात कामगाराच्या क्षमतेचा पुरावा मागितला जातो. हजेरीपत्रक म्हणजेच तो पुरावा, अशी समजूत इथे पक्की झाली होती. पण सही झाली म्हणून काम जमू लागते, असे कोणत्याही मोल्डरला वाटत नाही.

समोर आलेले पर्याय

पहिल्या बैठकीत चार पर्याय चर्चेला आले. पहिला, वर्गातलेच प्रशिक्षण वाढवणे. उत्पादन प्रमुखांचा याला विरोध होता आणि त्यांचे म्हणणे योग्य होते: भट्टीत धातू तयार असताना लाइनवरची माणसे दोन तास उठवता येत नाहीत, आणि तीन पाळ्या असल्यामुळे प्रत्येक विषय निदान तीनदा शिकवावा लागतो. दुसरा, तयार ऑनलाइन अभ्यासक्रम विकत घेणे. तो मनुष्यबळ विभागाने आधीच पाहून ठेवला होता. त्यात इंग्रजी आणि पुस्तकी हिंदी निवेदन होते आणि चित्रे दुसऱ्याच कुठल्या तरी स्वच्छ, पांढऱ्या भिंतींच्या फाउंड्रीची होती. तिसरा, सारे काही मेस्त्रींवर सोपवणे. चौथा, ऑनलाइन आणि प्रत्यक्ष वर्ग यांची सांगड घालणे.

चौथा पर्याय स्वीकारला गेला, पण त्यामागचा युक्तिवाद अपुरा होता. माझ्या सादरीकरणात मी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि २०१० मध्ये सुधारून काढलेल्या संशोधन-संकलनाचा आधार दिला होता. केवळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा मिश्र पद्धतीने शिकणाऱ्यांचे निकाल सरासरीने चांगले आले, हा त्याचा बहुचर्चित निष्कर्ष मी सांगितला. त्याच संकलनात दिलेला इशारा मी पुरेसा ठसवला नाही. मिश्र पद्धतीच्या गटांना बहुतेक वेळा शिकण्यासाठी जास्त वेळ आणि जास्तीचे साहित्यही मिळालेले होते, त्यामुळे सुधारणेचे श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही, असे लेखकांनी स्पष्ट लिहिले आहे. हा इशारा गांभीर्याने घेतला असता, तर आमचा पहिला प्रश्न ‘कोणता व्हिडिओ’ हा नसता, ‘कोणता वेळ’ हा असता. या प्रकरणातल्या पुढच्या बहुतेक अडचणी या एका चुकलेल्या क्रमातून निघाल्या.

पहिली फेरी

ठरले असे: सॅन्ड प्लांट (वाळू तयार करणे), मोल्डिंग (साचा बांधणे), कोअर (कास्टिंगमधली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) आणि पोअरिंग (धातू ओतणे) या विभागांतल्या ४८ माणसांनी आठवड्याला एक व्हिडिओ घरी, स्वतःच्या फोनवर पाहायचा, खाली दिलेले दहा प्रश्न सोडवायचे आणि चार आठवड्यांनी दोन तासांच्या वर्गात यायचे. सिद्धान्त ऑनलाइन, प्रात्यक्षिक वर्गात, अशी सरळ वाटणी होती. घाईमुळे तयार अभ्यासक्रमातलेच चार धडे घेतले आणि त्यांना मराठी निवेदन जोडले. प्रत्येक धडा २५ ते ३० मिनिटांचा होता.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पोर्टलवर सुखद चित्र दिसत होते. ४८ पैकी ४५ जणांनी चारही धडे पूर्ण केले होते आणि गुण भरघोस होते. व्यवस्थापनाच्या बैठकीत हा तक्ता दाखवला गेला आणि त्यावर समाधान व्यक्त झाले.

नंतर पहिला वर्ग भरला. जागा प्रयोगशाळेचीच होती, कारण वाळूची उपकरणे तिथे होती. कॉम्पॅक्टिबिलिटीची, म्हणजे ठोके दिल्यावर वाळू किती दबते याची, चाचणी करून दाखवा, असे मी मिक्सरवर वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्या एका कामगाराला म्हणालो. पोर्टलवर त्यांना दहापैकी दहा गुण होते. चाचणी साधी आहे: चाळणीतून वाळू नळीत सैल पडू द्यायची, वरची पातळी पट्टीने सारखी करायची, रॅमरचे तीन ठोके द्यायचे आणि वाळू मूळ उंचीच्या किती टक्के खाली बसली ते वाचायचे. त्यांनी मुठीने वाळू नळीत घातली, अंगठ्याने दाबून बसवली आणि मग ठोके दिले. आकडा आला ३१. प्रयोगशाळेतल्या मुलीने त्याच ढिगातली वाळू चाळून घेतली, तिचा आकडा आला ४४. या लाइनसाठी ३८ ते ४२ हवे असते.

त्यांनी दोन्ही आकड्यांकडे पाहिले आणि काही न बोलता ढिगातली मूठभर वाळू उचलली, आवळली, मूठ उघडून बोटांचे ठसे पाहिले, गोळा मधोमध मोडला आणि मोडलेली कड उजेडात धरली. “पाणी जास्त झालंय,” ते म्हणाले. ते बरोबर होते. ४४ म्हणजे पाणी जास्तच झाले होते. त्यांच्या हाताला जे कळले तेच त्या मुलीच्या नळीने सांगितले होते. फक्त त्यांना नळीची भाषा येत नव्हती आणि आमच्या अभ्यासक्रमाला हाताची. दहापैकी दहा गुणांविषयी मी विचारले तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, “उत्तरं पुतण्यानं दिली, साहेब. बारावीला हाय तो. शाना हाय.”

पुढच्या दोन वर्गांत याचीच वेगवेगळी रूपे समोर आली. तिसऱ्या पाळीत ज्याच्या फोनमध्ये भरपूर डेटा होता, अशा एका तरुणाने अकरा जणांचे धडे ‘चालवून’ दिले होते. एकाचा फोन दिवसभर मुलीकडे असे, कारण तिचा अभ्यास त्याच्यावर चाले. पन्हाळा आणि शाहूवाडीकडच्या वाड्यांवरून येणाऱ्यांपैकी काहींच्या घरात रेंज नव्हती. पाळी सुटल्यावर बहुतेकजण आधी शेतावर किंवा म्हशींच्या धारेला जात. अर्ध्या तासाचा धडा पाहायचा तर तो झोपेतून काढावा लागत होता. यांतल्या कुणालाही मी कामचुकार म्हणणार नाही. कंपनीने त्यांना काम वाढवून दिले होते, वेळ दिला नव्हता.

निर्णयाची पहिली जागा

यानंतरची बैठक या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची होती. मनुष्यबळ विभागाने सुचवले की लॉगिन करताना चेहऱ्याची पडताळणी बसवावी आणि धडा न पाहणाऱ्याची वार्षिक वाढ अडवावी. उत्पादन प्रमुख म्हणाले की ऑनलाइनचा नाद सोडून द्यावा आणि जुन्या पद्धतीने मेस्त्रींकडूनच शिकवून घ्यावे. दोन्ही मते समजण्यासारखी होती. पहिल्याने पोर्टलवरची फसवणूक थांबली असती, पण पुतण्याऐवजी काकांना पडद्यापुढे बसवून त्यांना चाचणी आली असती असे नाही. दुसऱ्याने हाताची परंपरा जपली गेली असती, पण आकडा आणि हात यांच्यातले ते वीस पावलांचे अंतर तसेच राहिले असते, कारण मेस्त्रींनाही नळीची सवय नव्हती.

त्या बैठकीला आम्ही एका ज्येष्ठ मेस्त्रींना बोलावले होते. त्यांना एक धडा दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत नीट पाहिला आणि म्हणाले, “साहेब, ह्यात वाळू दिसतीया. पण ती गरम हाय का गार, ते कुठं कळतंय?”

त्या वाक्याने आमची वाटणी बदलली. सिद्धान्त इकडे आणि प्रात्यक्षिक तिकडे, ही विभागणी कागदावर सोपी दिसते, पण ती शिकण्याच्या स्वरूपावर उभी नसते. पडद्याला काही गोष्टी अशा दाखवता येतात की ज्या शॉपवर (कारखान्यातल्या कामाच्या जागी) उभे राहून वीस वर्षांतही दिसत नाहीत: साचा उभा कापला तर वायू कोणत्या वाटेने बाहेर पडतो, वितळलेला धातू गेटमधून (साच्यात शिरण्याच्या वाटेतून) कसा वळतो, ब्लो होलची आतली भिंत कशी गुळगुळीत असते आणि आकुंचनाने पडलेली पोकळी कशी खडबडीत असते. उलट वाळूचे तापमान, ओलसरपणा, व्हॉल्व्ह किती फिरवायचा आणि कधी थांबायचे, हे पडद्यावर दाखवताच येत नाही. म्हणून प्रत्येक विषयासाठी आम्ही एकच प्रश्न विचारू लागलो: हे डोळ्याला कळायचे आहे की हाताला?

निर्णयाची दुसरी जागा: वेळ कुणाचा

वेळेच्या प्रश्नावर बैठक दीड तास चालली. पाळीबाहेर बसवायचे तर तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ५९ प्रमाणे जादा कामाचा दुप्पट दराने मोबदला द्यावा लागला असता, आणि लेखा विभागाने ती रक्कम काढून समोर ठेवली. त्याच अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-अ प्रमाणे कामगारांच्या आरोग्यासाठी व सुरक्षेसाठी आवश्यक ती माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख पुरवणे ही कारखान्याची जबाबदारी होती. लॅडल (धातू ओतण्याचे भांडे) आणि भट्टीजवळ काम करणाऱ्यांचे पुष्कळसे शिक्षण त्यात मोडतेच. शेवटी मालकांनी निर्णय दिला की प्रशिक्षण पाळीतच होईल आणि त्याचा वेळ कामाचा वेळ धरला जाईल. हा निर्णय आकडेमोडीतून निघाला नाही. ते स्वतः उद्यमनगरात वडिलांच्या शॉपवर शिकले होते आणि ‘मला कुणी घरी जाऊन शिक असं सांगितलं नव्हतं’ एवढेच म्हणाले.

मग वेळ काढायचा कुठून? लाइनवर पॅटर्न (साच्याला आकार देणारा नमुना) बदलताना वीस ते तीस मिनिटे साचेकाम थांबते. तोच वेळ वापरायचा, अशी कल्पना मी मांडली आणि ती सर्वांना आवडली. पहिल्या आठवड्यातच ती कोसळली, कारण पॅटर्न बदलणारी माणसे हीच शिकायची माणसे होती, आणि बदल कधी होईल हे ग्राहकाच्या मागणीवर ठरत होते. नंतर मंगळवारी आणि गुरुवारी, सहा-सहा जणांचा गट, वीस मिनिटे, प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत, अशी ठरलेली वेळ आखली. बदली माणूस पाळीच्या सुपरवायझरने द्यायचा होता. सुपरवायझर सुरुवातीला नाराज होते. ज्या दिवशी त्यांनाही गटात बसवले त्या दिवसापासून कुरबुर कमी झाली.

फेररचना

तयार अभ्यासक्रम बाजूला ठेवला. त्याचे पैसे गेले. नवे धडे कारखान्यातच, प्रयोगशाळेच्या सहायकाच्या मोबाइलवर चित्रित केले. चार ते पाच मिनिटांचे, आणि प्रत्येकात एकच गोष्ट. ज्येष्ठ मेस्त्री स्वतः मिक्सरपाशी उभे राहून दाखवत. पहिल्या तीन चित्रणांत मिक्सरच्या आवाजापुढे एक शब्द ऐकू येईना. तेव्हा चित्र शॉपवर आणि आवाज संध्याकाळी मेस्त्रींच्या घरी, खिडक्या बंद करून ध्वनिमुद्रित करायचा, अशी रीत पडली. त्यांची बोली आम्ही बदलली नाही. धड्यात ‘आर्द्रता’ हा शब्द एकदाच आला आणि मेस्त्रींनीच तो काढायला लावला. शॉपवर ‘पाणी’ म्हणतात, धड्यातही ‘पाणी’ राहिले.

फोन शॉपवर न्यायचा नाही, हा निर्णय त्याच वेळी घेतला. पोअरिंगच्या जागी माणसाचे लक्ष फोनकडे जाणे हा धोका आहे आणि त्यावर चर्चेला वाव नव्हता. धडे खोलीतल्या टीव्हीवर आणि दोन टॅबलेटवर दिसत. ज्यांना घरी पुन्हा पाहायचे त्यांना तीच फाइल मिळे, पण घरी पाहिल्याची नोंद ठेवणे आम्ही बंद केले.

प्रत्येक विषयाचा क्रम असा बसला. गुरुवारी खोलीत पाच मिनिटांचा धडा, मग कापलेल्या कास्टिंगच्या छायाचित्रांवर तीन प्रश्न. उत्तरे टॅबलेटवर नोंदली जात आणि कोणता प्रश्न किती जणांचा चुकला ते मला त्याच दिवशी कळे. पुढच्या मंगळवारचा वर्ग त्या चुकांवरून सुरू होई. हे लहान वाटते, पण माझ्या मते मिश्र प्रशिक्षणाचा जीव इथेच होता. आधीच्या फेरीत ऑनलाइन भाग आणि वर्ग शेजारी शेजारी उभे होते. आता वर्ग पडद्यावर जे चुकले त्यावर उभा राहिला. उदाहरण द्यायचे तर पहिल्याच आठवड्यात बहुतेकांनी आकुंचनाच्या पोकळीला ब्लो होल म्हटले. मंगळवारी टेबलावर दहा कापलेली कास्टिंग आणि एक भिंग ठेवले. भिंगातून ती खडबडीत, सुयांसारखी भिंत पाहिल्यावर एका मोल्डरने विचारले की मग या दोषासाठी आपण वाळूला का शिव्या देत होतो. त्या दिवशी आम्ही वाळूचा विषय सोडून अर्धा वर्ग रायझरविषयी (धातू आकुंचन पावताना जादा धातू पुरवणाऱ्या साच्यातल्या जागेविषयी) बोललो, आणि ते योग्यच झाले.

शेवटचा टप्पा शॉपवर होता. मेस्त्रींनी प्रत्येकाला प्रत्यक्ष कामात पाहायचे, आणि ‘याला जमते’ असे वाटले तरच कार्डावर सही करायची. परीक्षक मेस्त्री असतील, हा निर्णय उशिरा झाला. त्याआधी तीन आठवडे ते गप्प गप्प होते आणि चित्रणाला येण्याचे टाळत होते. आपले कसब एकदा फोनमध्ये उतरले की आपली गरज काय, हा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला नाही. तो त्यांच्या मुलाने मला सांगितला. सहीचा अधिकार आणि त्यासाठी ठरवलेला भत्ता मिळाल्यावर ते स्वतःहून नवे विषय सुचवू लागले.

प्रशिक्षणार्थी कायदा, १९६१ खाली आलेली आयटीआयची मुले या गटांत वेगळी उठून दिसत. पडद्यावरचे प्रश्न ती झटकन सोडवत. वाळू हातात घेतली की गोंधळत. त्यांना अनुभवी कामगारांबरोबर जोडीने बसवले. एक जोडी माझ्या चांगली लक्षात आहे. मुलगा नळीवरचा आकडा वाचायचा, “मामा, चाळीस,” आणि शेजारचे मामा मूठ उघडून गोळा मोडायचे, मुलाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “हे बघ, चाळीस म्हंजे असं.” मग भूमिका उलट. मामांनी आधी मूठ आवळून आकडा सांगायचा, मुलाने नळीने तपासायचा. काही आठवड्यांनी मामांचा अंदाज एक-दोन अंकांच्या आत येऊ लागला. हा खेळ आम्ही आखला नव्हता. तो पाहून पुढे सर्व गटांत सुरू केला.

पावसाळ्याचा आठवडा

जुलैअखेर पंचगंगेच्या पाण्याने राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि ती ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागली. गावाकडचे रस्ते आणि छोटे पूल पाण्याखाली गेले, निम्म्याहून अधिक माणसे येऊ शकली नाहीत आणि वर्ग रद्द झाले. आम्ही त्या आठवड्याचा धडा सर्वांना पाठवला आणि दुपारी ठरलेल्या वेळी मेस्त्रींनी गटागटाने फोन लावले. पहिल्या फेरीत जे घरी चालले नव्हते ते या वेळी बऱ्यापैकी चालले. माणसांना वेळ होता आणि पलीकडे विचारणारा माणूस होता. ज्यांच्या घरात पाणी शिरले होते त्यांना अर्थातच फोन केला तो खुशालीसाठी.

विषयही योगायोगाने तोच होता. पावसात नवी वाळू ओली येते, तिचे पाणी हिशेबात न घेता मिक्सरमध्ये नेहमीइतके पाणी सोडले की आकडा वर जातो. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

परिणाम

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, शिकणे, कामातले वर्तन आणि कारखान्याला मिळालेले फळ. आमची मूळ योजना पहिल्या दोन स्तरांवरच थांबत होती. फेररचनेत तिसऱ्या स्तरासाठी आम्ही कोणतेही नवे साधन आणले नाही. रजिस्टरचा तो कोरा रकाना मोजायला घेतला. तीन महिन्यांनंतर मर्यादेबाहेरच्या बहुतेक आकड्यांपुढे कृतीची नोंद सापडू लागली: ‘पाणी कमी केले’, ‘वाळू गरम, लाइनला सांगितले’, ‘पुन्हा चाचणी’. अक्षर वेडेवाकडे होते आणि ते प्रयोगशाळेतल्या मुलीचे नव्हते. मिक्सरवरचा माणूस वीस पावले चालून तिथे येऊन लिहीत होता. माझ्या दृष्टीने या कामाचे सर्वांत भक्कम फळ हे आहे.

वाळूच्या दोषांमुळे होणारे रिजेक्शनही त्या काळात खाली आले. त्याचे श्रेय प्रशिक्षणाला देण्याचा मोह व्यवस्थापनाला झाला आणि मी तो आवरला, कारण त्याच दरम्यान वाळू गार करणाऱ्या कूलरची दुरुस्ती झाली होती. गरम वाळूचा त्रास कमी झाल्यावर आकडे आपोआपच सुधारणार. दोन्हींचा वाटा वेगळा काढता येईल अशी मोजणी आम्ही सुरुवातीला केलेलीच नव्हती. कूलरची दुरुस्तीही मात्र तशी वेगळी घटना नव्हती: कृतीच्या रकान्यात ‘वाळू गरम’ ही नोंद इतक्या वेळा आली की देखभाल विभागाला ती टाळता आली नाही.

४८ पैकी ३९ जणांच्या कार्डावर मेस्त्रींची सही झाली. नऊ जणांच्या कार्डावर झाली नाही, आणि मेस्त्रींनी ती दबावाखाली केली नाही याचा मला आनंद आहे.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक माणसांच्या निवडीत झाली. नॉकआउट (साचा फोडणे) आणि फेटलिंगवर (कास्टिंग साफ करणे) काम करणारे बहुतेक कामगार कंत्राटी होते, त्यांतले बरेच उत्तर भारतातून आलेले. त्यांचे प्रशिक्षण ही कंत्राटदाराची जबाबदारी, असे म्हणून त्यांना यादीतून वगळले. पण साचा फोडल्यावर कास्टिंग प्रथम त्यांच्याच हातात येते. दोष सर्वांत आधी ज्यांना दिसतो त्यांना दोषाचे नावच आम्ही शिकवले नाही. चौथ्या महिन्यात धड्यांना हिंदी आवाज दिला आणि फेटलिंगचा पहिला गट बसला. त्या गटातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी सलग सहा कास्टिंग बाजूला काढून ठेवली आणि त्या पाळीत लाइनवर वेळेत निरोप पोचला. हे पहिल्या महिन्यातच घडायला हवे होते.

दुसरे, काहीही सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसते रजिस्टर आणि मिक्सर पाहण्यात घालवायला हवे होते. कोरा रकाना मला पहिल्या दिवशी दिसला होता. त्याचा अर्थ मी पाच महिन्यांनी लावला. तिसरे, मेस्त्रींची भूमिका पहिल्या बैठकीत ठरायला हवी होती. चित्रण आधी आणि मान नंतर, हा आमचा क्रम चुकीचा होता. पोर्टलच्या तक्त्यावर समाधान मानले त्या बैठकीत मीही होतो. एक माणूस उठवून एक चाचणी करून घेण्याची मागणी त्याच वेळी करता आली असती.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. तिसऱ्या पाळीचा गट रात्री बसवला तर बदली माणूस मिळत नाही, आणि सकाळी पाळी सुटल्यावर बसवला तर निम्म्यांचे डोळे मिटतात. सध्या त्यांची वीस मिनिटे पाळीच्या सुरुवातीला, भट्टीतला पहिला धातू तयार व्हायच्या आत घेतली जातात. मेस्त्री त्या वेळी कामावर नसतात, म्हणून त्या पाळीतल्या दोघांना सहीचा अधिकार देण्याची तयारी चालू आहे. त्यांपैकी एक म्हणजे पुतण्याकडून उत्तरे लिहून घेणारे मिक्सरवरचे तेच कामगार आहेत.